नववं बटण

वहिनींच्या दारावरची पाटी अजून कवळ्यांचीच होती. तीस वर्षं त्यांनी त्या खोलीत लोकांचे दात बनवले. पाच वर्षांपूर्वी काम बंद केलं, तेव्हा पाटी काढायची राहून गेली. हल्ली येणाऱ्यांचे दात शाबूत असत. त्यांचं दुसरंच काहीतरी हरवलेलं असे आणि वहिनी ते शोधून देत.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते वरच्या मजल्यावर राहत. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच उद्योग उरले होते. सकाळी वहिनींकडचा चहा पिणं आणि वहिनींच्या चौकशांत लुडबूड करणं. त्यांच्या तोंडातली वरची कवळी वहिनींच्याच हातची होती. त्यामुळे त्यांच्यापुढे आपलं तोंड फारसं चालत नाही, असं ते स्वतःच सांगत.

त्या दिवशी दुसरा कप ओतला जात असतानाच दारात एक तिशीची बाई उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी होती आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात त्या अंगुस्तानाचा पांढरा वळ होता.

"मला चोर ठरवलंय," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आज चार वाजता समितीची बैठक आहे. मग पोलीस."

"आत ये. बैस," वहिनी म्हणाल्या. "काय चोरलंस म्हणतात?"

"आठ बटणं."

भाऊजींना हसू आलं. वहिनींनी नुसतं पाहिलं, तसे ते चहाकडे वळले.

ती बंदरावरच्या संग्रहालयात जुन्या कपड्यांची दुरुस्ती करायची. तिथे सगळे तिला रफूवालीच म्हणत. संग्रहालयाचं सगळ्यांत मोठं वैभव म्हणजे बंदररक्षक दलाच्या पहिल्या कप्तानाचा निळा डगला. त्याला पुढून खाली एका रांगेत नऊ बटणं होती. पितळेची, वर सोन्याचा मुलामा आणि मधोमध नांगर नि त्यावर टांगलेला दिवा. त्या दलाची बटणं आता कुठेच मिळत नाहीत. एकेका बटणासाठी शौकीन लोक जीव टाकतात.

"डगल्याचं अस्तर सडलं होतं, मावशी. सहा महिन्यांपूर्वी तो काचेच्या कपाटातून काढून माझ्या खोलीत दिला. काम संपलं, तसं साहेबांनी एका मोठ्या पारख्याला बोलावलं. त्यानं बटणं सोडवून पाहिली आणि म्हणाला, नवातलं एकच अस्सल आहे, बाकीची आठ नकली. अस्तर मीच उघडलं होतं. मग मीच, नाही का?"

"बटणं शिवलेली नव्हती?"

"नाही. प्रत्येकाच्या पाठीला कडी असते. ती कापडाच्या भोकातून आत जाते आणि आतून सगळ्या कड्यांमधून एकच नाडी ओवलेली असते. नाडी ओढली की नऊच्या नऊ हातात येतात. मी ती ओढलीच नाही. ओढायचं कारणच नव्हतं."

"डगल्यावर आणखी काय काम केलंस?"

"कापड साफ केलं. बटणांभोवती पांढरी पूड दगडासारखी घट्ट बसली होती. ती खरवडली तर लोकर निघेल म्हणून तशीच ठेवली. फक्त वरच्या बटणाभोवती ती नव्हती."

"पांढरी पूड," वहिनी एवढंच म्हणाल्या.

"माझी सुयांची पेटीही साहेबांनी कुलपात ठेवलीय. त्यात माझ्या वडिलांचं अंगुस्तान आहे." इतका वेळ ती शिवणीसारखं सरळ बोलत होती. आता आवाज फाटला. "आणि रोज संध्याकाळी फाटकावर माझी पिशवी उघडून बघतात. पहारेकाका बघतात. माझ्या लग्नात पंगत वाढणारे काका. मावशी, मला नोकरीचं नाही इतकं त्याचं वाईट वाटतं."

वहिनींनी कपाटातून भिंग काढलं. "भाऊजी, तुमचं कर्कटक आणि वही घ्या. चहा राहू द्या."

*

संग्रहालय म्हणजे एकेकाळची जकातीची इमारत. जाड भिंती, उंच खिडक्या आणि चालताना करकरणारी लाकडी जमीन. फाटकावर पहारेकाका स्टुलावर बसले होते. तीस वर्षं एकाच स्टुलावर बसल्यामुळे दोघांनाही एकमेकांचा आकार आला होता.

"पोरीनं काही घेतलेलं नाही," विचारण्याआधीच ते म्हणाले. "साहेबांचा हुकूम म्हणून पिशवी बघतो."

"चाव्या कोणाकडे असतात?" वहिनींनी विचारलं.

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. म्हणजे पोरीला सोडलं तर उरलो आम्ही दोघं. घ्या, लिहून घ्या." त्यांनी भाऊजींच्या वहीकडे बोट दाखवलं.

"डगला तुम्ही तीस वर्षं बघताय. वरचं बटण कसं होतं?"

"कोणी पाहिलंय? त्याच्यावर कप्तानाचा गळ्याचा रुमाल होता. तो पसरट रुमाल आहे ना, छातीपर्यंत येणारा, तो. मी आलो तेव्हापासून डगल्यावर तसाच टाचलेला. हिनंच सहा महिन्यांपूर्वी धुवायला काढला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की खाली आणखी एक बटण आहे."

"आणि हे पारखी? ते पहिल्यांदा आत्ताच आले?"

"छे! रुमाल काढला त्याच आठवड्यात येऊन गेले की. डगला अजून हिच्या खोलीत गेला नव्हता, मधल्या टेबलावर पडून होता. मला म्हणाले, घसा कोरडा पडलाय, पाणी आणा. पाणी आणलं, तर म्हणाले, आता साबण आणा. नखांत काहीतरी करडं, मळलेल्या कणकेसारखं अडकलं होतं. बटणाचा मोठा पंडित, पण हात धुवायला मीच." काकांनी नाक मुरडलं.

भाऊजींनी वहीत लिहिलं: 'पहारेकरी. चावी आहे. पाहुण्यांवर राग.' आणि त्यांनी 'राग' या शब्दाखाली रेघ मारली.

*

संग्रहपाल साहेब बुटके, घामट आणि फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी रफूवालीकडे न पाहता वहिनींना खुर्ची दिली.

"मला स्वतःला फार दुःख आहे," ते म्हणाले. "पण नोंदवहीत स्पष्ट आहे. डगला दुरुस्तीला दिला तेव्हाची माझी सही. हे पाहा: 'बटणे नऊ, सर्व अस्सल.'"

"तुम्ही भिंगातून पाहिली होती?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"की मोजून सही केली?"

"मोजली," ते हळूच म्हणाले. "नऊ भरली. आता समितीपुढे मी काय सांगू की मी पाहिलीच नव्हती?"

"म्हणून चोर सापडलेला बरा," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

भाऊजींना वाटलं, सापडला! चावी आहे, खोटी सही आहे आणि भरपूर घामही आहे. त्यांनी वहिनींना खूण केली. वहिनींनी खूण पाहिली आणि सोडून दिली.

"बटणं आता कुठे आहेत?"

"पारखी साहेबांसमोर. वरच्या दालनात. फार उदार माणूस, बाई! त्यांच्याजवळ याच दलाची आठ अस्सल बटणं आहेत. आज समितीनं होकार दिला की पाच वाजता ती ते डगल्यासाठी देणार आहेत. बदल्यात त्यांना आपली मागच्या खोलीतली पडीक दुर्बीण चालेल म्हणाले. आणि ही नकली बटणं ते स्वतः वितळवून टाकणार, म्हणजे पुढे कोणी फसायला नको."

"नेमकी आठच आहेत त्यांच्याजवळ?"

"योगायोग," साहेब म्हणाले.

*

वरच्या दालनात कप्तानाचं सारं सामान होतं. भिंतीवर त्याचा मोठा फोटो. ताठ मान, मिशा आणि गळ्यापासून छातीपर्यंत पसरलेला रुमाल. रुमालाच्या मधोमध एक लांब पिन खोचलेली होती. काचेखाली त्याची टोपी होती. तिच्या पुढच्या पट्टीवर दलाचं चिन्ह, नांगर आणि दिवा, बशीएवढं मोठं भरलेलं होतं. शेजारी तीच लांब पिन, एक शिट्टी आणि मधोमध लांब खाच असलेली एक पितळी पट्टी. पट्टीखाली चिठ्ठी होती: 'उपयोग अज्ञात.'

भाऊजींनी फोटोतली बटणं मोजली, मग पुन्हा मोजली.

"वहिनी! फोटोत आठच आहेत. डगल्यावर नऊ. म्हणजे एक मागाहून लावलंय!"

"रुमाल मोजायचा राहिला, भाऊजी."

भाऊजी जरा खजील झाले. मग हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी टोपीवरचं चिन्ह वहीत उतरवून घेतलं. नकाशे काढलेला हात. दिव्याची काचसुद्धा त्यांनी सोडली नाही.

टेबलापाशी पारखी बसले होते. उंच, गोरटेले, बोटं पियानो वाजवणाऱ्याची. समोर हिरव्या कापडावर आठ बटणं एका रांगेत, नववं वेगळं, एक छोटा तराजू आणि उघडी मखमली पेटी. पेटीत आठ बटणं टाचून बसवलेली होती, सोन्यासारखी झळझळीत.

"या, या," ते म्हणाले. "संशय घ्यायलाच हवा. मी दाखवतो, तुम्हीच ठरवा."

त्यांनी रांगेतलं एक बटण उचललं. "हे पाहा. नांगर आहे, दिवा आहे, पण सगळं बोथट, साबणाची वडी झिजावी तसं. अस्सल बटण ठशाखाली दाबून काढतात. त्याच्या कडा बोटाला लागतात. साच्यात ओतलेल्याच्या अशा मऊ होतात. आता हे नववं, वरचं, पाहा. काय रेखीव आहे! नांगराचं टोकसुद्धा टोचेल."

भाऊजींनी दोन्ही पाहिली. फरक आंधळ्यालाही कळला असता.

"दुसरी गोष्ट. नवव्यावर दिव्यापासून काठापर्यंत ही दोरी दिसते? दिवा याच दोरीला टांगलेला आहे. या आठांवर दोरीच नाही. नकला करणारा तीच विसरला! आणि तिसरी गोष्ट, वजन." त्यांनी तराजूच्या एका पारड्यात मखमली पेटीतलं बटण ठेवलं, दुसऱ्यात रांगेतलं एक. पेटीतल्या बटणाचं पारडं खाली गेलं. एकामागून एक आठही तोलून झाली. प्रत्येक वेळी तेच.

"हातच्या काकणाला आरसा कशाला!" भाऊजी भारावून म्हणाले.

"नववं तोला ना," वहिनी म्हणाल्या.

"ते कशाला? ते डोळ्यांनीच दिसतंय," पारख्यांनी हसत पेटीचं झाकण अर्धवट ओढलं.

"ही आठ कुठे मिळाली तुम्हाला?"

"वीस वर्षांत, बाई. आठ वेगवेगळ्या गावी. आठ वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या डगल्यांवरची. एकेकामागे एकेक कथा आहे."

"मागची बाजू बघू?"

"कड्या नाजूक आहेत. मखमलीतून पुन्हा पुन्हा काढल्या की तुटतील."

भाऊजींनी भिंग घेऊन पेटीत नाक खुपसलं होतं. ते उत्साहानं वर आले. "वहिनी, आठही बटणांवर ती दोरी आहे! दिव्यापासून काठापर्यंत, जराशी डावीकडे झुकलेली. नवव्यावर आहे अगदी तश्शीच. सख्खे भाऊ आहेत ही नऊ!"

"अगदी तश्शीच?"

"केसाचाही फरक नाही."

पारख्यांनी मान डोलावली. वहिनींनी रांगेतलं एक बोथट बटण उलटं करून त्याच्या मागच्या काठातून नखानं काहीतरी खरवडलं. पांढरं होतं. मग भिंगाखाली नववं बराच वेळ पाहिलं आणि त्यावरून बोटाचं टोक फिरवलं.

खाली आल्यावर भाऊजींनी वही उघडली आणि जीभ चावली. "माझ्याकडून टोपीवरच्या चित्रात दोरी राहिलीच वाटतं. पारखी म्हणाले नसते तर..." असं म्हणत त्यांनी पेन्सिलीनं दिव्यापासून काठापर्यंत एक रेघ ओढली.

वहिनींनी वही हातात घेतली. चित्राकडे पाहत त्या एवढा वेळ उभ्या राहिल्या की भाऊजींना वाटलं, आपलं काम आवडलं.

"भाऊजी, दोरी पुसा," त्या म्हणाल्या.

*

चार वाजता वरच्या दालनात समिती बसली. समिती म्हणजे मुख्यतः अध्यक्षबाई. एकेकाळच्या न्यायाधीश, पांढरा अंबाडा, चष्म्यावरून पाहण्याची सवय. संग्रहपाल त्यांच्या उजवीकडे. पारखी पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. रफूवाली भिंतीशी उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. भाऊजींनी आपली पुढे सरकवली, पण ती बसली नाही. दाराशी पहारेकाका होते, आपलं स्टूल घेऊन.

"दहा मिनिटं देते," अध्यक्षबाई वहिनींना म्हणाल्या. "आठ बटणं कोणी चोरली ते सांगा."

"कोणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "अजून चोरली जायची आहेत. पाच वाजता, तुमच्या परवानगीनं."

संग्रहपालांचा रुमाल कपाळावरच थांबला.

"तुम्हीच तोला, बाई. मी हात लावत नाही. हे नववं बटण सगळ्यांच्या मते अस्सल. बरोबर? पारखी साहेब?"

"अर्थात," पारखी म्हणाले. पण त्यांची बोटं पेटीच्या झाकणावर गेली होती.

"मग ते एका पारड्यात ठेवा. दुसऱ्यात ही नकली म्हणतात त्यातलं कोणतंही."

अध्यक्षबाईंनी ठेवलं. पारडी हलली, डुलली आणि जवळजवळ सरळ रेषेत थांबली, नववं फक्त कणभर खाली. त्यांनी दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. आठव्यापर्यंत तेच झालं.

"आता नवव्यासमोर पेटीतलं एक."

पेटीतलं खाडकन खाली गेलं.

"सकाळी पारखी साहेबांनी सगळी तोलली, पण आपल्याच बटणाशी. नववं तराजूवर चढू दिलं नाही. जुनं बटण दोन पत्र्यांचं असतं, आतून पोकळ. म्हणून हलकं. हलकं म्हणजे नकली हे त्यांनी सांगितलं आणि आपण ऐकलं. भाऊजी, कर्कटक."

भाऊजींनी कर्कटकाची टोकं नवव्याच्या काठांना लावली आणि तसंच उचलून एकेका बोथट बटणावर धरलं. तंतोतंत. पेटीतल्या बटणावर धरलं, तर दोन्ही बाजूंना केसभर फट राहिली.

"हे जरा लहान आहे," भाऊजी चकित होऊन म्हणाले.

"ओतलेला धातू थंड होताना आकसतो. मी तीस वर्षं कवळ्या केल्या. हे विसरलं की गिऱ्हाईक पहिल्या घासाला शिव्या घालतं. एखाद्या वस्तूचा साचा काढून ओतलेली नक्कल मूळ वस्तूपेक्षा नेहमी किंचित लहान निघते. आकसलेली पेटीतली आहेत. ही आठ नाहीत."

"पण ही आठ बोथट आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते मलाही दिसतंय."

"झिजली आहेत, म्हणून कणभर हलकीही आहेत. ओतल्यानं बोथट झालेली नाहीत." वहिनी काचेच्या कपाटाकडे गेल्या. "'उपयोग अज्ञात.' उपयोग असा. ही पट्टी डगल्याच्या बटणांमागे सरकवायची. चार बटणं एकदम खाचेतून वर येतात आणि कापड झाकलं जातं. मग पितळ उजळायची ओली पूड लावून घासायचं. कप्तानाचा नोकर रोज सकाळी दोनदा पट्टी सरकवत होता, चार आणि चार. तरी थोडी पूड काठाखालून जायचीच. ती कापडावर दगडासारखी बसली आणि बटणांच्या मागच्या काठातही बसली. अजून आहे. माझ्या नखात आहे. रोज घासलेलं बटण वर्षानुवर्षांत साबणाच्या वडीसारखंच होणार."

"आणि नववं?"

"फोटो बघा. नववं रुमालाखाली होतं. जे दिसत नाही ते कुठला नोकर घासतो? म्हणून त्याच्याभोवती पूड नाही, हे या मुलीनं मला सकाळीच सांगितलं. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण तिनं पाहिलं होतं. नऊही बटणं एकाच डगल्याची, एकाच दिवशी लावलेली आणि नऊही अस्सल."

रफूवालीनं भिंतीला टेकवलेली पाठ सरळ केली.

पारखी हसले. चांगलं हसले. "माझी चूक झाली असेल. माणूसच आहे मी. माझीही फसवणूक झालेली दिसते. वीस वर्षांत कोणी कोणी मला ओतीव बटणं विकली."

"आठ गावच्या आठ जणांनी?"

"शक्य आहे."

"आता दोरी." वहिनींनी भाऊजींची वही अध्यक्षबाईंपुढे ठेवली. "हे टोपीवरचं चिन्ह, माझ्या दिरांनी उतरवलेलं. यांच्या हाताला न दिसणारं काढायची सवय नाही. दिवा नांगराच्या कडीत अडकवलेला आहे. दोरी कुठेच नाही. टोपी तिथेच आहे, पडताळून घ्या."

"पण नवव्यावर मी स्वतः पाहिली!" भाऊजी म्हणाले.

"पाहिलीत. बोट फिरवलंत? बटणावरची प्रत्येक रेघ वर उठलेली आहे, ठशानं उठवलेली. ही एकटीच आत खणलेली आहे. ती दोरी नाही, भाऊजी, ओरखडा आहे. रुमालाची लांब पिन खोचताना कप्तानाच्या हातून एकदा टोक घसरलं आणि खालच्या बटणावर दिव्यापासून काठापर्यंत ओढलं गेलं. बाकीच्या आठांवर नक्षी इतकी पुसलेली, की दोरी होती की नव्हती हे तिथे पाहून कळत नाही. पारखी साहेबांना नवव्यावरची रेघ चिन्हाचाच भाग वाटली. नुसती वाटली नाही, ती नाही म्हणून त्यांनी आठांना नकलीही ठरवलं."

अध्यक्षबाईंनी नववं बटण उचलून त्या रेघेवरून नख फिरवलं.

"तुम्ही म्हणालात, सख्खे भाऊ. सख्ख्या भावांचं नाक सारखं असतं, भाऊजी. पण लहानपणी पडल्याची खोक नऊ जणांच्या कपाळावर एकाच जागी कशी असेल? हा ओरखडा जगात एकाच बटणावर असू शकतो. पेटीतली आठही त्या एकाचा साचा काढून ओतली आहेत."

"म्हणजे मला विकणाऱ्यानं काढला असेल साचा," पारखी म्हणाले. हसू आता नुसतं ओठांवर होतं.

"कधी? वीस वर्षांपूर्वी? नववं बटण रुमालाखाली होतं. काका, किती वर्षं?"

"मी आल्यापासून तीस," दारातून उत्तर आलं. "सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा उजेडात आलं."

"आणि त्या आठवड्यात डगल्यापाशी एकटं कोण होतं? काकांना पाण्याला धाडून? नखात करडी कणीक घेऊन साबण कोणी मागितला? साचा घ्यायची ती माती मी दातांच्या धंद्यापासून ओळखते. नखातून निघता निघत नाही."

पारख्यांनी पेटी बंद करून काखेत घेतली आणि ते उठले. "असल्या आरोपांना उत्तर द्यायला मी बांधलेला नाही."

दारात पहारेकाका होते. त्यांनी स्टूल दाराच्या मधोमध ठेवलं आणि ते त्यावर बसले.

"पेटी टेबलावर," अध्यक्षबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "आठ खोटी देऊन आठ खरी न्यायची, वर दुर्बीण. आणि वितळवायच्या नावाखाली पुरावाही तुमच्याच खिशात. संग्रहपाल, पोलिसांना फोन करा. यावेळी योग्य माणसासाठी."

संग्रहपाल फोनकडे निघाले, मध्येच थांबले, परत आले आणि त्यांनी खिशातून एक छोटी किल्ली काढली. ती त्यांनी रफूवालीसमोर धरली. "मी बटणं पाहिलीच नव्हती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नुसती मोजून सही केली होती. दोष माझा होता आणि मी तो तुझ्यावर ढकलला. तुझी पेटी माझ्या कपाटात आहे."

ती रडली नाही. "आधी पेटी आणा, साहेब," म्हणाली. "उजेड आहे तोवर बटणं लावून टाकते."

*

पारख्यांना घेऊन गाडी गेली, तेव्हा खालच्या खोलीत डगला टेबलावर पसरला होता. रफूवालीनं अंगुस्तान बोटात घातलं आणि तो पांढरा वळ झाकला गेला. खालून वर एकेक कडी भोकातून आत जात होती आणि नाडी तिच्यातून पुढे सरकत होती. नववं बटण भाऊजींनी धरून ठेवलं. त्यांना तेवढा मान हवा होता.

"चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो आपण," ते म्हणाले.

"आपण?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी संग्रहपालांना सुळी देत होतात तुम्ही. त्याआधी काकांना."

भाऊजींनी कवळीवरून जीभ फिरवली आणि बटण आणखी नीट धरलं.

बंद व्हायच्या वेळी तिघं फाटकाशी आले. पहारेकाका नेहमीच्या जागी होते. त्यांना पाहून रफूवालीनं चालता चालता पिशवी खांद्यावरून काढली, दोन्ही हातांनी तोंड उघडून त्यांच्यापुढे धरली आणि नजर दुसरीकडे वळवली. आठ दिवसांत हाताला तशी सवय लागली होती. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा हात परत घ्यावा की नाही हेच तिला कळेना.

काका स्टुलावरून उठले. त्यांनी आत पाहिलं नाही. पिशवीचे दोन्ही बंद एकत्र घेऊन त्यांनी हळूच गाठ मारली, नीट घट्ट केली आणि पिशवी स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर अडकवली.

"जा, पोरी," ते म्हणाले. "उद्या लवकर ये."

मग ते भिंतीकडे तोंड करून फाटकाचं कुलूप शोधत राहिले. कुलूप त्यांच्या हातातच होतं.